रात्री विमान धुरकट येतंय? आधी फोटोतले दिवे वाचा

पावसाळा ओसरला, आकाश मोकळं झालं की गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या आसपास कॅमेरे घेऊन फिरणारी आम्ही चार-पाच टाळकी पुन्हा बाहेर पडतो. आणि त्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तोच जुना फोटो नव्या माणसाकडून येतो. सगळा काळोख, मधोमध विमान असावं असा पांढरा गोळा, त्याच्याभोवती पिवळट प्रभा. एखाद्या संताच्या तसबिरीत शोभेल अशी. खाली प्रश्न : "ऑटोफोकस गेला काय? दुकानात टाकू?"

टाकू नका. निदान आज तरी नको. मी टाकला होता. २०२३ सालची गोष्ट. मोपाचा विमानतळ त्याच वर्षी ५ जानेवारीला सुरू झाला होता आणि घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर विमानं मिळायला लागली म्हणून मी हुरळून गेलो होतो. ऑक्टोबरात सलग तीन रात्री फोटो धुरकट आले. दुकानदाराने लेन्स कानाशी धरून हलवली, "मोटर कमजोर झालीय" म्हणाला आणि साडेचार हजार सांगितले. दिले. आठ दिवसांनी लेन्स घेऊन थेट मोपाजवळच्या पेडण्याला गेलो, तर पहिला फोटो पुन्हा तस्साच. त्या रात्री वैतागून घरी येऊन सगळे दोनशे फोटो क्रमाने बघितले तेव्हा लक्षात आलं, की पहिले पंचवीस-तीस भयंकर आहेत, मग हळूहळू सुधारत गेलेत आणि पाऊण तासानंतरचे चक्क चांगले आहेत. शेवटचे पंधरा पुन्हा वाईट. बिघडलेली मोटर पाऊण तासात आपोआप बरी होत नाही, आणि झालीच तर मी गाडीत बसून चहा पिऊन आलो म्हणून पुन्हा आजारी पडत नाही.

तेव्हापासून कोणी धुरकट फोटो पाठवला की मी कॅमेरा कुठला, लेन्स कुठली हे विचारतच नाही. फोटो मूळ आकारात मागवतो, शंभर टक्के मोठा करतो आणि फक्त दिवे बघतो. रात्रीच्या फोटोत विमानाचं अंग नीट दिसो न दिसो, दिवे असतातच. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा, पोटाखाली आणि पाठीवर लुकलुकणारा तांबडा, पुढे उतरण्याचे झगझगीत दिवे. शिवाय खाली जमिनीवर कोणाच्या तरी पडवीतला बल्ब, रस्त्यावरचा खांब. हे सगळे मुळात ठिपके. फोटोत त्या ठिपक्याचं काय झालंय यावर दुखणं कुठलं ते कळतं.

ठिपक्याची कडा स्पष्ट असलेली गोल चकती झाली असेल, नाण्यासारखी, तर फोकस चुकलाय. गाभा टोकदारच आहे पण भोवती मऊ उजेड पसरलाय, तर काचेवर पाणी, मीठ नाहीतर बुरशी आहे. जमिनीवरचा बल्ब आणि विमानाचा दिवा दोन्हींची सारखीच वेडीवाकडी अळी झालीय, तर कॅमेरा हलला. बल्ब ठिपकाच राहिलाय आणि विमानाच्या दिव्यांच्याच रेघा झाल्यात, तर कॅमेरा जागेवर होता, विमान पुढे गेलं. बल्बची आडवी रेघ आणि विमानाचा दिवा ठिपका, तर अभिनंदन, तुम्ही विमानाबरोबर कॅमेरा बरोबर फिरवलात. दिवे ठीक, पण विमानाच्या कडा पाण्यात बघितल्यासारख्या लहरी, तर मधली हवा तापलेली आहे. आणि आकाशात जिथे काहीच नसायला हवं तिथे फिकट हिरवट दिवा तरंगतोय, तर लेन्सवरचा फिल्टर काढा.

आता यातलं पहिलं मोठं दुखणं.

काचेवरचं दव

गोव्यात दहातल्या सात तक्रारी याच असतात, असा माझा अंदाज. म्हापशाहून किंवा पणजीहून गाडीचा एसी लावून निघायचं, कॅमेऱ्याची पिशवी शेजारच्या सीटवर, म्हणजे नेमकी व्हेंटच्या तोंडाशी. पेडण्याला पोचेपर्यंत लेन्सची काच गार. बाहेर उतरायचं, विमान दिसलं म्हणून घाईघाईत कॅमेरा काढायचा, आणि फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीला जसा घाम सुटतो तसा लेन्सला सुटतो. फरक इतकाच, की बाटलीचा घाम दिसतो. लेन्सवरचा थर सुरुवातीला इतका पातळ असतो की काळोखात कळत नाही, आणि मागच्या छोट्या स्क्रीनवर फोटो बरा वाटतो.

हे होणार की नाही ते घरून निघण्याआधी कळू शकतं. प्रत्येक मोठ्या विमानतळाचा हवामानाचा सांकेतिक अहवाल निघत असतो, वैमानिक त्याला मेटार म्हणतात. तो मोबाइलवर कोणालाही वाचता येतो. त्यात २७/२५ असा आकड्यांचा एक जोड असतो. पहिला आकडा हवेचं तापमान, दुसरा दवबिंदू. अर्थ असा, की २५ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर आत्ता पाणी धरणार. गाडीचा एसी २२ वर ठेवला तर तुमची लेन्स साधारण २२ ची, व्हेंटसमोर असेल तर आणखी गार. हिशेब सरळ आहे. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात हे दोन आकडे एकमेकांना चिकटूनच असतात. जानेवारीच्या कोरड्या दुपारी त्यांच्यात दहा-बारा अंशांचं अंतर पडतं, तेव्हा बिनधास्त कॅमेरा काढावा.

उपाय म्हणजे लेन्स बाहेरच्या हवेइतकी गरम होऊ देणं. दुसरा उपाय नाही. मी आता पिशवी डिकीत ठेवतो आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटं एसी बंद करून काचा खाली करतो. घरातल्यांची कुरकुर ऐकायची तयारी हवी. एसीच्या खोलीतूनच निघायचं असेल तर कॅमेरा आणि लेन्स झिप लावायच्या जाड प्लास्टिक पिशवीत आतली हवा दाबून काढून बंद करायची आणि ती पिशवी बाहेर आणून तशीच ठेवायची. पाणी धरतं ते पिशवीच्या बाहेरून. अर्ध्या तासाने पिशवी उघडायची. २०० ते ६०० मिलिमीटरसारखी जड लेन्स असेल तर तासभर धरा, धातू आणि काच सावकाश तापतात.

दव धरल्यावर काय करू नये ते सांगतो, कारण मी ते सगळं केलंय. सदऱ्याच्या टोकाने पुसू नये. काच गारच असते, त्यामुळे मिनिटात पुन्हा धरतं, वर सदऱ्याचं तेल पसरतं. तोंडाने फुंकर मारू नये, ती वाफच. आणि काही झालं तरी लेन्स काढून दुसरी लावू नये. गार कॅमेऱ्याचं तोंड त्या दमट हवेत उघडलंत की पाणी आत सेन्सरवरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या तुकड्यावरच्या, काचेवर बसतं. ते वाळायला वेळ लागतो आणि पुसायची सोय नसते. स्वस्थ उभं राहावं, विमानं मोजावीत.

डिसेंबर-जानेवारीत याच दुखण्याचं उलटं रूप येतं. फोटो सुरुवातीला लख्ख आणि रात्री दहा-साडेदहानंतर बिघडत जातात. तेव्हा दोष एसीचा नसतो. निरभ्र आकाशाकडे तोंड करून ठेवलेली काच आपली उष्णता आकाशाला देऊन टाकते आणि आजूबाजूच्या हवेहून गार होते. सकाळी गवतावर दव पडतं ते असंच. लेन्सचा हूड लावून ठेवला तर बराच फरक पडतो, आणि दोन विमानांच्या मधे लेन्सचं तोंड जमिनीकडे करून ठेवायचं. पॉवर बँकेवर चालणारे लेन्स गरम ठेवायचे पट्टे मिळतात. माझ्याकडे जुना लोकरी मोजा आहे, त्याची बोटं कापून लेन्सवर चढवलाय आणि आत थंडीत हात शेकायची पुडी. दिसायला हास्यास्पद. चार तास चालतं.

आता तासभर थांबूनही प्रभा जात नसेल, तर ते पाणी नाही. मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावरून समुद्रावरची विमानं टिपून आला असाल तर काचेवर मिठाची साय धरलेली असते. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा, चटकन दिसते. कोरड्या कापडाने घासलंत तर तेच मिठाचे कण काचेवरचा लेप ओरखडतील. आधी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारायची, मग लेन्सचा द्राव लावलेल्या मऊ कापडाने मधून बाहेर हलक्या हाताने पुसायचं. टॉर्चच्या उजेडात काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. तिथे मात्र दुकान गाठावंच लागतं, आणि लवकर. गोव्यात कॅमेरा कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा काटा, एवढ्यावर भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवायचा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येते. डब्यात तांदूळ घालायचा सल्ला कोणी दिला तर त्याला जेवायला बोलवा, सल्ला ऐकू नका. तांदळाची पूड लेन्सच्या कडीत जाते.

विमान पळालं, की हात हलला

दुसरी तक्रार : "शटर एक हजारांशावर ठेवलं तरी ब्लर कसा?" म्हणजे शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतंच उघडलं, तरी फोटो पुसट. त्याचं गणित एकदा मांडून बघितलं की वाद मिटतो.

उतरणारं एअरबस ए३२० साधारण १४० नॉटने (ताशी सागरी मैल) येतं, म्हणजे सेकंदाला जवळपास ७२ मीटर. समजा तुम्ही अर्ध्या किलोमीटरवर उभे आहात, ते तुमच्यासमोरून आडवं जातंय, आणि तुमच्याकडे साध्या क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स आहे. फ्रेममध्ये साधारण ३९ मीटर रुंदीचं दृश्य मावतं. विमान साडेसदतीस मीटर लांब, म्हणजे फ्रेम नाकापासून शेपटीपर्यंत भरली. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ही रुंदी ६००० पिक्सेलची, तेव्हा एका पिक्सेलला विमानाचे साडेसहा मिलिमीटर आले. कॅमेरा स्थिर धरून १/६० ला फोटो काढलात तर तेवढ्यात विमान १.२ मीटर पुढे गेलेलं असतं, दिव्याची १८० पिक्सेलहून लांब रेघ. १/१००० ला काढलात तरी अकरा पिक्सेलची. म्हणजे नुसतं शटर वाढवून ही लढाई जिंकता येत नाही, आणि रात्री १/१००० परवडतही नाही. विमानाबरोबर कॅमेरा फिरवायलाच हवा.

फिरवायचं कसं ते सांगणं सोपं आणि जमणं अवघड. पाय जिथे फोटो काढायचा आहे त्या दिशेला रोवायचे आणि कंबर वळवून विमान येतंय तिकडे बघायचं, म्हणजे नेमक्या क्षणी अंग सरळ, मोकळं असतं. बहुतेक जण उलटं करतात. येणाऱ्या विमानाकडे पाय करून उभे राहतात आणि ते समोर येईपर्यंत कंबरेला पीळ पडून अडकतात. कोपरं बरगड्यांना टेकलेली. विमान फ्रेममध्ये आल्यापासून फिरवत राहायचं, बटण दाबल्यावरही थांबायचं नाही. क्रिकेटमध्ये चेंडू गेल्यावर बॅट थांबवत नाहीत, तसं. माझे दिवसा १/१२५ ला दहातले सहा-सात चांगले येतात, रात्री १/६० ला दहातला एखादा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. सरावाला विमानच हवं असंही नाही. धारगळहून मोपाला जाणाऱ्या उंच रस्त्यावर रात्री टॅक्सी सुसाट धावत असतात, त्यांच्यावर हात बसवता येतो. उभं राहायचं अर्थात खाली, रस्त्यावर नाही.

एक फसवं लक्षण यात आहे. नाक टोकदार आणि शेपटी पुसट, किंवा उलटं. लोक म्हणतात फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढं अंतर स्पष्ट येतं ती, कमी पडली. पाचशे मीटरवर ती कशाला कमी पडतेय! विमान जवळून जात असलं की त्याचं नाक आणि शेपटी तुमच्या डोळ्याला वेगवेगळ्या गतीने वळताना दिसतात, आणि कॅमेरा एकाच गतीने फिरतो. दूर उभं राहा, नाहीतर शटरचा वेग थोडा वाढवा.

कॅमेरा तिपाईवर असेल आणि तरी सगळ्या दिव्यांच्या अळ्या येत असतील, तर लेन्सवरचं स्थिरीकरण, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, बंद करून बघा. जुन्या लेन्सा तिपाईवर स्थिर असल्या की नसलेला कंप शोधत बसतात आणि स्वतःच हलतात. वारा असेल तर तिपाईच्या मधल्या हुकाला पिशवी अडकवा, आणि तिचे पाय जांभ्याच्या सुट्या खड्यांवर न ठेवता कातळावर टेकवा.

फोकस खरोखरच चुकतो तेव्हा

नाण्यासारख्या चकत्या आल्या तर गोष्ट खरी आहे, फोकसच चुकलाय. काळोखात ऑटोफोकस पुढे-मागे घरंगळत राहतो, कारण त्याला पकडायला कडा लागते आणि काळ्या आकाशात ती नसते. विमानाच्या उतरण्याच्या दिव्यावर तर तो बावचळतोच. मी विमान यायच्या आधीच लांबचा एखादा दिवा शोधतो, डोंगरापलीकडच्या वाडीतला असला तरी चालतो. स्क्रीनवर तो दहापट मोठा करून हाताने फोकस लावतो आणि फोकसच्या कडीवर चिकटपट्टीचा तुकडा मारतो. कडीवरच्या आडव्या आठावर, म्हणजे अनंताच्या खुणेवर, भरवसा ठेवू नका. बऱ्याच लेन्सा त्या खुणेच्याही थोड्या पलीकडे जातात. तासाभराने पुन्हा तपासा, लेन्स गरम-गार होताना फोकस किंचित सरकतो.

जांभ्याची धग

लहरी कडांबद्दल. मोपाचं पठार जांभ्या दगडाचं आहे. दिवसभर ऊन खाल्लेला हा सडा सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ धग सोडत राहतो, चप्पल काढून उभं राहिलं तर तळव्यांना कळते. गरम आणि गार हवेचे थर एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्यातून येणारा उजेड वाकतो. लांबच्या लेन्सने हे दुप्पट दिसतं, म्हणून पाऊण लाखाची ६०० मिलिमीटर घेऊन भर दुपारी दोन किलोमीटरवरून फोटो काढणाऱ्याची निराशा होते आणि तो लेन्सला शिव्या देतो. याला सेटिंगमध्ये औषध नाही. अंतर कमी करा, विमान उंचावर असताना टिपा, नाहीतर भल्या पहाटे जा. एकाच विमानाचे सलग दहा फोटो काढलेत तर एखाद-दुसऱ्यात हवा क्षणभर स्थिर सापडते.

पण एक लहर आपणच तयार करतो. एसी चालू ठेवून, गाडीत बसून, खाली केलेल्या काचेतून फोटो काढणं. आतली गार हवा त्याच खिडकीतून बाहेरच्या गरम हवेत सांडत असते, नेमकी लेन्सच्या पुढ्यात. माझ्या भाच्याने असे ऐंशी फोटो काढले आणि ऐंशीच्या ऐंशी टाकून द्यावे लागले. "मामा, पाऊस होता रे!" पाऊस होता तर छत्री होती.

फिल्टरबद्दल थोडक्यात. तो तरंगणारा हिरवट दिवा फोटोच्या मध्यबिंदूतून खऱ्या दिव्याच्या बरोबर समोर, उलटा पडलेला असतो. खरा वर डावीकडे, तर खोटा खाली उजवीकडे. मोजून बघा, जुळलं तर सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत आलाय. लेन्स घेताना "काचेचं रक्षण होतं" म्हणून गळ्यात घातलेला फिल्टर रात्री पिशवीतच बरा.

दुखणं नसलेल्या तक्रारी

तिपाईवर कॅमेरा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ८, तीस सेकंद, आणि विमान उतरताना दिव्यांची लांब रेघ. हा फोटो सगळ्यांना आवडतो. मग कोणीतरी विचारतं, "पंखाच्या टोकाचे ठिपके जोडीजोडीने का आलेत? तिपाई हलली?" नाही हलली. एअरबसचा टोकाचा पांढरा दिवा सहसा लागोपाठ दोनदा लुकलुकतो, बोइंगचा एकदा. ठिपक्यांच्या जोड्या दिसल्या तर ते बहुधा ए३२० होतं. काळोखात नाव न वाचता विमान ओळखायची ही सोय आहे, तिला दोष समजू नका.

पंख्यांच्या विमानांबाबत दोन उलट तक्रारी येतात. फ्लाय९१ या कंपनीची एटीआर ७२ विमानं मोपाहून उडतात, त्यांना सहा-सहा पात्यांचे पंखे. एक गट म्हणतो पाती गोठलेली दिसतात, खेळण्यातल्या विमानासारखी. दुसरा म्हणतो पाती केळ्यासारखी वाकली. पहिल्यांचं शटर जास्त वेगवान आहे. उडताना हा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला वीस. १/१००० सेकंदात पातं जेमतेम सात अंश सरकतं, म्हणून गोठलेलं दिसतं. दोन पात्यांमधलं अंतर साठ अंशांचं. ते पार व्हायला साधारण १/१२० सेकंद लागतो, तेव्हा १/१२५ ला जवळपास पूर्ण चकती मिळते. मी १/२०० वर थांबतो, चकती अर्धवट दिसते पण विमान टोकदार येण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या गटाने कॅमेऱ्याचं शटर 'इलेक्ट्रॉनिक'वरून 'मेकॅनिकल'वर आणावं. इलेक्ट्रॉनिक शटर फोटो एका ओळीमागून दुसरी ओळ असा वाचतं आणि तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं. मोबाइलला मेकॅनिकल शटर नसतंच, त्यामुळे मोबाइलवाल्यांनी केळी गोड मानून घ्यावीत.

तिसरी तक्रार : "दिवे सुंदर आले, पण विमानाचं अंगच दिसत नाही." कारण त्यावर उजेडच नाही. उतरण्याचे दिवे पुढे पडतात, विमानावर नाही. फार तर शेपटीवरचा लोगो उजळलेला असतो. आयएसओ कितीही चढवलात तरी नसलेला उजेड येणार कुठून? अंग हवं असेल तर मध्यरात्र सोडा आणि तिन्हीसांजेला या. आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांत ओसरतो. त्यातली शेवटची दहा मिनिटं, आकाश गडद निळं, विमानाचे दिवे लागलेले आणि पोटाचा पांढरा रंग अजून दिसतोय, ही सोन्यासारखी. एफ ५.६ च्या साध्या लेन्सनेही तेव्हा काम होतं. मी फोटो काढायला जायचं की नाही ते आता या दहा मिनिटांत विमान आहे का बघून ठरवतो. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडारवर वेळ कळते.

दिशा मात्र फसवते. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमानं वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. दुपारी खारे वारे समुद्राकडून येतात तेव्हा विमानं पूर्वेकडून येतात. रात्री मतलई वारे सुटले की कधीकधी दिशा फिरते आणि ती समुद्रावरून यायला लागतात, आणि तुम्ही नको त्या टोकाला उभे. यासाठीही तोच मेटार बघायचा, त्यात वारा कुठून किती ते लिहिलेलं असतं.

उभं कुठे राहायचं

कुंपणाला लागून नाही, धावपट्टीच्या दिव्यांच्या रांगेत नाही, कोणाच्या काजूच्या बागेत न विचारता नाही. फ्लॅश मारायचा नाही. तो पोचत तर नाहीच, संशय मात्र पोचतो. ड्रोनचा तर विचारसुद्धा नको. गोव्याच्या दुसऱ्या, दाबोळीच्या विमानतळाबद्दल मला वारंवार विचारतात, कारण तिथे वस्ती धावपट्टीच्या जवळ आहे. माझं उत्तर एकच. तो नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. तिथे मिग-२९के ही लढाऊ आणि पी-८आय ही टेहळणीची विमानं असतात, आणि कुंपणाच्या आसपास कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. नौदलाची विमानं जवळून बघायची हौस असेल तर बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय आहे. २०१६ साली निवृत्त झालेलं सी हॅरियर तिथे बघता येतं, आणि अंगणातलं चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन, ज्याच्या तीन शेपट्या बघून पोरं हरखतात.

मोपाच्या बाजूला एकदा रात्री नऊच्या सुमारास एका वाडीच्या वाटेवर तिपाई मांडून बसलो होतो. मोटरसायकलवरून पोलीस आला, दिवा माझ्या तोंडावर मारला.

"काय करतंस रे हयसर काळोखात?"

"विमानांचे फोटो काढतंय."

"विमानांचे? कित्याक?"

कशासाठी, याला उत्तर नव्हतं. ओळखपत्र दाखवलं, कॅमेऱ्यातले फोटो दाखवले, सगळे आकाशातल्या प्रवासी विमानांचे. त्याने एक एक करून बघितले. तिन्हीसांजेच्या एटीआरच्या फोटोवर थांबला, म्हणाला, "ह्यो माका धाड. झिलाक दाखयतंय." त्याच्या मुलाला दाखवायला फोटो पाठवला. आता जायच्या आधी मीच ठाण्यावर कळवून ठेवतो. दोन मिनिटांचं काम आहे, आणि बटण दाबायच्या वेळी कोणी पाठीवर हात ठेवत नाही.

आणखी एक तक्रार दरवर्षी मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला येते. तीस सेकंदांच्या फोटोत झाडांच्या रेषेवर पिवळट-हिरव्या तुटक रेघा, विमानाच्या मार्गाशी न जुळणाऱ्या, कुठूनही कुठेही वळलेल्या. गेल्या वर्षी एकाने त्यासाठी सेन्सर साफ करून घेतला. ते काजवे असतात.